वीज कंपन्यांची तुलना: आधी आपली बारा बिलं, मग त्यांचे दर

माझी धाकटी बहीण ठाण्यात नौपाड्यातलं भाड्याचं घर सोडून मीरा रोडला गेली. टेम्पोतून सामान उतरतंय तोवर तिचा फोन. "दादा, इथे विजेच्या दोन कंपन्या आहेत म्हणे. शेजारच्या काकू म्हणतात ही घे, वॉचमन म्हणतो ती घे. कुठली घेऊ?" मी विचारलं, "गेल्या वर्षाची बारा बिलं आहेत का तुझ्याकडे?" पलीकडे शांतता. मग म्हणाली, "एक असेल. फ्रिजवर लावलेलं."

त्या एका बिलावरून आम्ही हिशोब केला आणि तो चुकला. चूक माझी होती, ती पुढे सांगतो. दुसऱ्यांदा केला तेव्हा जमला. तुम्हाला पहिल्याच फेरीत जमावा म्हणून हे लिहितोय.

निवड आहे का, हे आधी बघा

ठाणे शहर आणि नवी मुंबईत घरगुती वीज महावितरणची. दोन्ही शहरं त्यांच्या भांडुप परिमंडळात येतात. चेकनाका ओलांडून मुलुंडला गेलात तरी कंपनी बदलत नाही, मुलुंड-भांडुपही महावितरणकडेच. मुंबईच्या बाकी उपनगरांत आणि मीरा-भाईंदरमध्ये मात्र अदानी आणि टाटा अशा दोघांकडे परवाने आहेत. दक्षिण मुंबईचा मोठा भाग बेस्टचा.

कळवा-मुंब्रा-शीळ भागात बिलावर टोरंटचं नाव दिसतं, म्हणून तिकडे वेगळी कंपनी आहे असं पुष्कळांना वाटतं. ती फ्रँचायझी आहे. परवाना महावितरणचा, दर महावितरणचेच. रीडिंग, वसुली, दुरुस्ती ही कामं 1 मार्च 2020 पासून टोरंटकडे. भिवंडीत हीच व्यवस्था 2007 पासून आहे. त्यामुळे कळव्यात घर घ्यायचं की खाडीच्या अलीकडे ठाण्यात, हे ठरवताना विजेचा दर मध्ये आणू नका. दोन्हीकडे दरपत्रक एकच.

मग ठाण्यात चहाच्या टपरीवर "आता मोबाइलसारखी वीजही पोर्ट करता येणार" ही चर्चा कुठून येते? वीज कायदा 2003 मध्ये एकाच भागात दुसऱ्या कंपनीला समांतर परवाना देण्याची तरतूद आहे. 2022 मध्ये अदानींच्या एका कंपनीने मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यासाठी असा परवाना मागितला. त्याविरोधात 4 जानेवारी 2023 ला वीज कर्मचारी संपावर गेले आणि त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन संप मिटला. तेव्हापासून हा विषय इथे थंड झालेला नाही.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. आपल्याकडे विजेचा दर कंपनी आपल्या मनाने ठरवत नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग सुनावणी घेऊन प्रत्येक कंपनीचं दरपत्रक मंजूर करतो. तेव्हा दारावर कुणी गळ्यात ओळखपत्र अडकवून "आमच्याकडे या, युनिटमागे खास सूट मिळवून देतो" म्हणाला, तर त्याला चहाही विचारू नका. सूट मिळायची असेल तर ती दरपत्रकात छापलेली असते, आणि दरपत्रक कंपनीच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट वाचता येतं.

बारा बिलं गोळा करा

कागद सापडत नसतील तर कंपनीच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक घातला की जुनी बिलं मिळतात. शिवाय चालू बिलावरच मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता छापलेला असतो, तेवढाही पुरतो. भाड्याच्या नव्या घरात जाणार असाल तर आपल्या जुन्या घराची बिलं घ्या. घरमालकाची किंवा आधीच्या भाडेकरूची काही कामाची नाहीत. वीज भिंती वापरत नाहीत, माणसं वापरतात.

एका कागदावर बारा ओळी आखा. प्रत्येक ओळीत महिना, युनिट आणि बिल किती दिवसांचं आहे ते लिहा. दिवसांचा रकाना गाळू नका. रीडिंग 34 दिवसांनी घेतलं तर युनिट साहजिकच जास्त दिसतात. अशा वेळी स्लॅबची (म्हणजे युनिटच्या टप्प्याची; वरच्या टप्प्याला वरचा दर) मर्यादाही त्या प्रमाणात वाढवून धरायची असते. जून 2020 मध्ये लॉकडाउननंतर अनेक महिन्यांची एकत्र बिलं आली तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला, कारण तेव्हाही हा दिवसांचा हिशोब कुणी मांडून बघितला नव्हता.

रीडिंग सरासरीने लावलेलं असेल तर ओळीपुढे फुली मारा आणि पुढच्या खऱ्या रीडिंगपर्यंतचे महिने एकत्र धरून वाटून घ्या.

मीटरवरच शंका असेल तर एक घरगुती चाचणी आहे. मी ती रात्री बॅटरी घेऊन आमच्या मीटररूममध्ये केली. वॉचमनला वाटलं मी कुणाची तरी वीज कापायला आलोय. मीटरवर 3200 इंप/किलोवॉटअवर असं काहीसं छापलेलं असतं. म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवला. 75 सेकंदांत दिवा 10 वेळा लुकलुकला. ताशी हिशोब केला की सुमारे 150 वॉट होतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना हा आकडा पटण्याजोगा आहे. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तुलना नंतर.

बिलातल्या ओळी वेगळ्या करा

घरगुती बिलात मुख्य ओळी पाच. स्थिर आकार: वीज वापरा न वापरा, भरायचाच. वीज आकार: युनिट आणि स्लॅबप्रमाणे. वहन आकार: तारांचं भाडं म्हणा. इंधन समायोजन आकार: कंपनीला वीज महाग किंवा स्वस्त पडली त्याप्रमाणे महिन्याला वरखाली होणारा. आणि वीज शुल्क: हे राज्य सरकारचं, घरगुती वापराला 16 टक्के.

शेवटची ओळ कंपनी बदलून बदलत नाही, टक्का तोच राहतो. बाकी चार बदलू शकतात. लोक तुलना करतात ती फक्त वीज आकाराची, कारण जाहिरातीत आणि गप्पांत तेवढाच आकडा येतो. काकू आणि वॉचमन यांच्यात जो वाद चालला होता तो याच एका ओळीवरून.

सरावासाठी महावितरणचे 2024-25 चे घरगुती दर घेऊ. वहन आकाराचे 1.17 रुपये धरून पहिल्या 100 युनिटना 5.88 रुपये, 101 ते 300 ला 11.46, 301 ते 500 ला 15.72 आणि त्यापुढे 17.81. सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला 128. प्रत्यक्ष हिशोबाला बसाल तेव्हा चालू दरपत्रक घ्या. 2025 मध्ये आयोगाच्या मार्चच्या आदेशानंतर जूनमध्ये फेरविचाराचाही आदेश निघाला, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता कुठल्या तारखेचा आहे ते आधी पाहा.

इंधन समायोजन बाजूला ठेवून 290 युनिटचं बिल काढा. पहिले 100 गुणिले 5.88 म्हणजे 588. उरलेले 190 गुणिले 11.46 म्हणजे 2,177.40. स्थिर आकार 128. बेरीज 2,893.40, त्यावर 16 टक्के शुल्क, एकूण सुमारे 3,356. आता 310 युनिट. बिल येतं सुमारे 3,672. वीस युनिट जास्त, फरक 315 रुपयांचा.

"तीनशेच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो" असं ठामपणे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्याकडे दोन आहेत. ते खरं नाही. तीनशेच्या वरचे दहाच युनिट 15.72 ने लागले, खालचे आपापल्या दरानेच.

सरासरीच्या नादी लागू नका

माझी चूक इथे झाली. बहिणीच्या फ्रिजवरचं बिल ऑक्टोबरचं होतं. त्यावरून मी अंदाजाने वर्षाचे युनिट धरले, बाराने भागले आणि सरासरी महिन्याचं बिल काढून बारापट केलं. शाळेत बसलं असतं. विजेच्या बिलाला बसत नाही.

समजा, एखादं घर आठ महिने 150 युनिट वापरतं आणि एसीचे चार महिने 400. वर्षाचे 2,800 युनिट, सरासरी 233. वरच्या दरांनी 150 युनिटचा वीज आणि वहन आकार 1,161 रुपये, 400 युनिटचा 4,452. महिनावार बेरीज 27,096. सरासरीने काढलं तर 25,392 च्या आसपास. फरक 1,704 रुपयांचा. शुल्कासह जवळजवळ दोन हजार. कारण सरासरी काढताना मे महिन्याचे महाग युनिट गुपचूप डिसेंबरच्या स्वस्त स्लॅबमध्ये जाऊन बसतात.

म्हणून प्रत्येक महिना स्वतंत्रपणे दोन्ही कंपन्यांच्या दरपत्रकातून काढायचा. बारा ओळी, दोन रकाने. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्धा तास लागतो. एक्सेल येत असेल तर दहा मिनिटं.

दोन कंपन्या समोरासमोर

पद्धत दिसावी म्हणून खालची दुसरी कंपनी काल्पनिक घेतोय. पहिलीचे दर वरचेच. दुसरीचे, वहन आकारासह: पहिले 100 युनिट 7 रुपये, 300 पर्यंत 10.50, 500 पर्यंत 13.50, स्थिर आकार 100.

आठ महिने 150 आणि चार महिने 400 वापरणाऱ्या घराला पहिलीकडे शुल्काआधी वर्षाचे 28,632 लागतात, दुसरीकडे 27,600. दुसरी 1,032 ने स्वस्त. शुल्क धरून सुमारे 1,197.

आता त्याच मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी घ्या. महिन्याला 90 युनिट. पहिलीकडे त्यांचे महिन्याला 657.20, दुसरीकडे 730. त्यांना दुसरी कंपनी वर्षाला शुल्काआधी 874 रुपयांनी महाग.

एकच मजला, त्याच दोन कंपन्या, उत्तरं उलटी. काकूंनी बहिणीला दिलेला सल्ला काकूंसाठी बरोबर असणं अगदी शक्य आहे. दोघींच्या घरात एसी सारखे आहेत का, एवढंच मी विचारलं. काकूंकडे एकही नव्हता.

तार कुणाची?

दोन परवानाधारक असलेल्या भागात कंपनी बदलण्याचे दोन प्रकार असतात आणि यात भले भले गोंधळतात. दोन्ही कंपन्यांच्या तारा तुमच्या इमारतीपर्यंत आलेल्या असतील तर तार आणि वीज दोन्ही नव्या कंपनीची घेता येते. याला स्विचओव्हर म्हणतात. नव्या कंपनीची तार नसेल तर जुन्याच कंपनीच्या तारेवरून नव्या कंपनीची वीज येते, हा चेंजओव्हर. मुंबईत याला वाट मिळाली ती कोर्टातून. टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज देता येते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये दिला, आणि ऑक्टोबर 2009 मध्ये आयोगाने तेव्हाच्या रिलायन्सच्या तारांवरून टाटांची वीज नेण्याची पद्धत घालून दिली. रिलायन्सचा तो व्यवसाय 2018 मध्ये अदानींकडे गेला.

चेंजओव्हर करणार असाल तर दोन गोष्टी कागदावर वाढवा. एक, वहन आकार तारेच्या मालकाच्या दराने लागतो आणि त्याच्यासोबत क्रॉस सबसिडी सरचार्जसारखे (ग्राहक गेल्याने जुन्या कंपनीला पडणारी तूट भरून काढणारे) आकारही येऊ शकतात. दरपत्रकात चेंजओव्हर ग्राहकांचा तक्ता वेगळा असतो. तो न बघता साधा तक्ता घेतला तर हिशोब फसतो. दुसरी, रात्री दोन वाजता केबल जळली तर येणारी गाडी तारेच्या मालकाची असणार. म्हणजे "त्यांची वीज जात नाही म्हणून आम्ही बदलली" हे कारण चेंजओव्हरमध्ये टिकत नाही. तारा त्याच, खड्डा तोच, पहिल्या पावसात होणारा धूरही तोच.

वीज किती वेळा जाते हे कळायला इमारतीच्या लिफ्टवाल्याला किंवा पंप चालवणाऱ्याला विचारा. त्याच्याइतकं अचूक उत्तर कुठल्याही अहवालात मिळत नाही.

छोट्या ओळी

सुरक्षा ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते. कंपनी बदलली की नवीकडे भरायची आणि जुनीकडून परत मागायची. मधल्या काळात तेवढे पैसे अडकतात. महावितरणकडे बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का, कागदी बिल नको म्हटलं तर थोडी सूट अशा सवलती आहेत. तुलना करताना दोन्हीकडच्या अशा सवलती धरा, पण तुम्ही खरोखर सात दिवसांत बिल भरता का, ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारून.

इंधन समायोजनाचं भाकीत करत बसू नका. दोन्ही कंपन्यांचा गेल्या बारा महिन्यांचा आकडा मिळाला तर धरा, नाहीतर दोन्हीकडून वगळा. एकीकडे धरून दुसरीकडे सोडायचा मोह होतो, विशेषतः आपलं मत आधीच ठरलेलं असेल तर.

खरा मोकळा बाजार कसा असतो ते टेक्सासात राहणाऱ्या आपल्या मुलांना विचारा. तिथे 2002 पासून बहुतेक भागात घरगुती ग्राहक कंपनी निवडतो, आणि प्रत्येक योजनेसोबत 500, 1000 आणि 2000 युनिटला सरासरी दर किती पडेल हे छापणं सक्तीचं आहे. मग काही कंपन्यांनी शक्कल काढली: बरोबर 1000 युनिटला मोठी सूट. तक्त्यात दर झकास दिसतो, 990 वापरले की सूट गायब. फेब्रुवारी 2021 च्या बर्फवादळात तर ज्यांचा दर घाऊक बाजाराला बांधलेला होता त्यांना हजारो डॉलरची बिलं आली, कारण घाऊक दर युनिटला 9 डॉलरपर्यंत चढले होते. उद्या आपल्याकडे योजनांचा असा बाजार भरलाच, तर दर पक्का की बाजाराप्रमाणे हलता, हे सर्वात आधी विचारा.

ज्यांच्याकडे एकच कंपनी आहे

म्हणजे आपण ठाणे-नवी मुंबईवाले. पाचपाखाडी, घोडबंदर, वाशी, नेरूळ, खारघर. कागद फुकट गेला असं समजू नका. वरच्याच घराचं बघा. एसीच्या चार महिन्यांत 400 ऐवजी 350 युनिट वापरले, तर प्रत्येक महिन्याला 50 गुणिले 15.72, शुल्कासह सुमारे 912 रुपये वाचतात. चार महिन्यांचे 3,647. काल्पनिक दुसऱ्या कंपनीकडे जाऊन वाचणार होते 1,197. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. पन्नास युनिट कुठून काढायचे याची सुरुवात तिथून करता येते.

स्मार्ट मीटर बसलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटला 80 पैशांपासून सवलत सुरू झाली. वॉशिंग मशीन रात्रीऐवजी दुपारी लावणं घरात कुणी असेल तर जमतं. दोघंही सकाळी 8:12 च्या लोकलला लटकत असतील तर टायमर लावून बघा.

आणि गच्ची. सोसायटीच्या लिफ्ट-पंप-दिव्यांचं बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये असतं, म्हणून ते कुणालाच दिसत नाही. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे. स्वतःचं छप्पर असलेल्या घराला 1 किलोवॉटला 30,000, दोनला 60,000, तीन किंवा जास्तला 78,000. एक किलोवॉट दिवसाला सरासरी 4 युनिटच्या आसपास देतो आणि साधारण 10 चौरस मीटर जागा मागतो. आमच्याकडे आलेल्या एका विक्रेत्याने जून-जुलैचंही उत्पादन एप्रिलइतकंच धरलं होतं. ठाण्याच्या पावसात! त्याला बारा महिन्यांचा वेगवेगळा तक्ता मागितला, तो अजून यायचाय.

बदलायचं ठरलंच तर

जुन्या कंपनीची थकबाकी शून्य करा आणि तसं बिल जपून ठेवा. अर्ज करताना चेंजओव्हर की स्विचओव्हर हे लेखी विचारा. परत यायचं झालं तर काय करावं लागेल, तेही त्याच पत्रात. मीटर बदलायला माणूस येईल त्या दिवशी घरात राहा. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं, दोन्हींचा फोटो काढा, मीटर क्रमांक दिसेल असा. सुरक्षा ठेवीची मूळ पावती सापडत नसेल तर ठेवीची रक्कम जुन्या बिलावर छापलेली असते. शेवटच्या बिलावरून वाद झालाच तर आधी कंपनीकडे तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल; प्रत्येक पायरीवर तक्रार क्रमांक घ्या, तोंडी आश्वासन नको.

बहिणीच्या इमारतीत तार एकाच कंपनीची निघाली. चेंजओव्हरचा तक्ता लावून बारा ओळी पुन्हा काढल्या तेव्हा वर्षाचा फरक दोनशे रुपयांच्या आत आला. तिने कागदाकडे बघितलं, मग बेडरूमच्या खिडकीकडे. "दादा, हे राहू दे. पश्चिमेचं ऊन येतंय सगळं. आधी पडदे बघते."